तालमीतला गडी सबमिशन ग्रॅपलिंगमध्ये का अडकतो?

मार्कंडेयकाठ
मंडळी, कुस्ती कळणाऱ्यांनी आणि ते जिउ-जित्सू शिकणाऱ्यांनी, दोघांनीही मत द्या.

माझा भाचा लहानपणापासून तालमीत आहे. बेळगाव तालुक्यातल्या जत्रांच्या मैदानांत लढतो. फार मोठं नाव नाही, पण चटकदार कुस्ती करतो म्हणून लोक ओळखतात. यंदा पावसाळ्यात मैदानं बंद झाली तसा कॉलेजच्या मित्राबरोबर शहरातल्या एका जिममध्ये ग्रॅपलिंगला जायला लागला. तिथं पाठ टेकवून नाही, फास किंवा सांध्याची पकड लावून समोरच्याला हात आपटून हार मानायला लावतात. वजन याचं जास्त, दम जास्त, ताकद विचारूच नका. दर वेळी पट काढतो (पाय धरून ओढतो), समोरच्याला पाडतो, आणि पाडल्यावर हरतो. कधी गळा आवळला जातो, कधी कोपर अडकतं. मला म्हणाला, "मामा, आपली कुस्ती जिथं संपते तिथं ह्यांची सुरू होते."

तर विचारायचं असं की, तिथं नेहमी लागणाऱ्या पकडी कोणत्या आणि त्या ओळखायच्या कशा? आपले कोणते डाव तिथं चालतात, कोणते अंगाशी येतात?

आणि तिसरी गोष्ट घरातली. भाच्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, स्वतः मैदान गाजवलेले. त्यांचं एकच म्हणणं: "हात आपटून हार मागायची, ही कसली कुस्ती?" त्यांना काय सांगू?

लांगबहाद्दर
आजोबांना सांगा, हार मागायची नसते, जीएसटीसारखी आपोआप कापली जाते.

खानापूर_ते_कोथरूड
मूळचा खानापूरचा, आता पुण्यात. कुस्ती थोडी केली, गेली बरीच वर्षं जिउ-जित्सू करतो. दोन्हीकडची माती (आणि मॅट) खाल्लेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाचा हुशार आहे, दुखणं त्याने एका वाक्यात सांगितलं. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. त्यामुळे लहानपणापासून अंगात एकच गोष्ट मुरते, खाली गेलो तर पालथं व्हायचं, पोट मातीला लावायचं, पाठ आभाळाकडे. सबमिशनच्या खेळात पाठ टेकण्याला काहीच दंड नाही, पण समोरच्याला आपली पाठ मिळणं हे सगळ्यात वाईट. म्हणजे ज्या सवयीने मैदानात जीव वाचतो, तीच सवय तिथे गळा देते. पैलवान पालथा होतो, वरचा दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवतो, एक हात हनुवटीखालून घालतो आणि मागून फास आवळतो. ज्युदोत तिला हादाका-जिमे म्हणतात. सगळ्या फासांत हीच जास्त भरवशाची, कारण आवळणारा मागे असतो, तुम्हाला तो दिसतही नाही आणि त्याच्यापर्यंत हातही पोचत नाही.

दुसरी, जी भाच्याला रोज लागत असणार, ती गिलोटिन. तुम्ही डोकं खाली घालून पट काढायला गेलात की समोरचा तुमची मान काखेत घेतो. तुम्ही त्याला पाडता, तो खुशाल पडतो, पडता पडता पाय तुमच्या कमरेभोवती आवळतो. पंच असता तर तुम्हाला गुण मिळाले असते. इथे तुम्ही त्याला पाडून स्वतःचाच फास घट्ट केलेला असतो.

तिसरी, ट्रँगल. तुम्ही वर, तो पाठीवर, तुम्ही त्याच्या पायांच्या मध्ये. तुमचा एक हात त्याच्या पायांच्या आत राहिला आणि एक बाहेर गेला की तो दोन्ही पायांचा त्रिकोण तुमच्या मानेभोवती बांधतो. गळ्याची एक बाजू त्याच्या मांडीने बंद होते आणि दुसरी तुमच्या स्वतःच्याच खांद्याने. पैलवानाला ही दिसतच नाही, कारण खाली पडलेल्या माणसाच्या पायांना घाबरायचं त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आर्मबार, किमुरा वगैरे नंतर लिहितो. आत्ता मीटिंग आहे.

खासबागचा_कट्टा
वरच्या प्रतिसादात माहिती चांगली आहे, पण सूर असा लागलाय की पैलवान म्हणजे फक्त पाडता येणारा बैल. तसं नाही हो. घुटना ठेवून मान दाबणं, हप्ता भरून (काखेखालून हात घालून) मान वाकवणं, कैची... यात दुखत नाही असं वाटतं का? मातीत खाली आलेल्या गड्याला उलटा करायचा तर आधी त्याला नकोसं करावं लागतं. वेदना आपल्याकडेही आहे. फक्त शेवट वेदनेने होत नाही, चितपटीने होतो. वेदना हे दार उघडायचं साधन, एवढंच.

आणि पालथं पडून राहण्याबद्दल बोलायचं तर आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिश्को आठवा. १९१० साली लंडनला झ्बिश्को अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून पडून राहिला, गामाला त्याला उलटवता आलं नाही, कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळात मातीवर पुन्हा जोड लागली आणि गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला.

खानापूर_ते_कोथरूड
@खासबागचा_कट्टा, उदाहरण उत्तम दिलंत, पण ते माझ्याच बाजूने जातंय. :) झ्बिश्को ज्या नियमांत अडीच तास पालथा पडून राहू शकला त्या नियमांत फास नव्हता. आजच्या सबमिशनच्या मॅटवर तो तसा पडला असता तर गामाने पाठीवर बसून पाचव्या मिनिटाला घरी पाठवला असता. पालथं पडणं कुस्तीत बचाव आहे कारण नियम तुमच्या गळ्याचं रक्षण करतात. आंतरराष्ट्रीय कुस्तीत गळा आवळणं बंद, हात नव्वद अंशांच्या पुढे पिळणं बंद, डोक्याला, मानेला किंवा धडाला पायांची अढी घालून कैची मारणंही बंद.

खासबागचा_कट्टा
गामाला फास शिकवायला तुम्ही जाणार होता काय?

खानापूर_ते_कोथरूड
मी गामासाठी बदाम सोलून दिले असते.

हाडाचा_दवाखाना
अस्थिरोग हा माझा व्यवसाय, म्हणून दोन शब्द. खेळातलं मला फार कळत नाही, पण मोडलेलं कळतं.

गळ्याचे फास दोन प्रकारचे. एकात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. दुसऱ्यात समोरून श्वासनलिका दाबली जाते. पहिल्यात फारसं दुखत नाही, पण नीट बसला तर माणूस दहाएक सेकंदांत शुद्ध हरपतो. म्हणून "दुखत नाही, सहन करतो" हा पैलवानी बाणा इथे उपयोगाचा नाही. दुसऱ्यात भयंकर दुखतं, खोकला येतो, गळ्याच्या कूर्चेला इजा होऊ शकते.

सांध्यांचं असं की कोपर हा बिजागरीचा सांधा. एका दिशेने वाकतो. सरळ झाल्यावर त्याच्या पुढे रेटला की आधी अस्थिबंध, मग बाकीचं. तिथे निदान ताण जाणवतो, थांबायला वेळ मिळतो. पायाचं वेगळं. टाच धरून पाऊल पिळतात त्याला हील हुक म्हणतात, पण खरी पीळ बसते गुडघ्यात. आणि गुडघ्याचे अस्थिबंध दुखायला लागेपर्यंत बरंचसं नुकसान झालेलं असतं. तुमच्या भाच्याला एवढंच सांगा, पाय अडकला तर पीळ बसायच्या आधी हात आपटायचा, ताकदीने उलटं फिरून सोडवायला जायचं नाही. चुकीच्या दिशेला फिरला तर समोरच्याला काही करायचीसुद्धा गरज नाही, हाच स्वतःचा गुडघा फिरवून घेतो.

खानापूर_ते_कोथरूड
डॉक्टरसाहेबांशी शंभर टक्के सहमत. हील हुकवर आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघाच्या स्पर्धांत बरीच वर्षं बंदीच होती. २०२१ पासून, तीही फक्त जॅकेट न घालता खेळण्याच्या प्रकारात, प्रौढ गटाच्या तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना परवानगी आहे. नवख्याला नाहीच. भाच्याच्या जिममध्ये पहिल्या महिन्यात कुणी हील हुक लावत असेल तर जिम बदला.

ज्युदोवाली_निपाणी
नमस्कार. मी निपाणीची, शाळेपासून ज्युदो. इथे सगळे दादालोकच बोलत आहेत म्हणून म्हटलं आपणही यावं.

ज्युदोमध्ये सांध्यांच्या पकडी फक्त कोपरावर चालतात. खांदा, मनगट, गुडघा, घोटा काही नाही. फास चालतात. त्याशिवाय नुसतं पाठीवर दाबून वीस सेकंद धरलं तरी पूर्ण विजय. त्यामुळे कुस्तीतून आलेल्या मुलामुलींना ज्युदोचं जमिनीवरचं काम लवकर जमतं. दाबून धरणं त्यांच्या रक्तात असतं. थेट सबमिशन ग्रॅपलिंगला जाण्याऐवजी काही महिने ज्युदो केला तर मधली पायरी सोपी होते असं मला वाटतं.

उलट रशियाच्या साम्बो कुस्तीमध्ये बघा, पायाच्या पकडी चालतात पण खेळाच्या साम्बोत फास बंद. प्रत्येकाने आपापलं एक दार बंद केलेलं आहे.

भाच्यासाठी आर्मबारबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे तालमीतून आलेली मुलं सगळ्यात जास्त त्यातच सापडतात. खाली दाबली गेली की ती वरच्याच्या छातीला दोन्ही हात लावून सरळ ढकलतात. पैलवानाच्या दंडात ताकद असते, त्याला वाटतं ढकलून देऊ. सरळ झालेला हात म्हणजे समोरच्याला आमंत्रण. तो एक पाय चेहऱ्यावरून टाकतो, हात दोन मांड्यांत घेतो, पाठीवर पडतो आणि कंबर वर उचलतो. कोपर बरोबर त्याच्या ओटीपोटावर येतं. बचाव एकच, कोपरं बरगड्यांना चिकटलेली ठेवायची. ढकलायचं नाही, कुशीवर वळून गुडघा मध्ये घालायचा.

तुरमुरीफाटा
ताईंनी ज्युदोचा विषय काढला म्हणून. आमच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये (मध्य आशियातली कुस्ती) कांस्यपदक आणलं, ५२ किलो गटात. तीही ज्युदोतूनच आलेली. कुराशमध्ये तर जमिनीवरचं काहीच नाही. उभ्याने धरायचं, उभ्याने फेकायचं, कमरेखाली हात नाही, खाली पडले की पुन्हा उभे. आजोबांना हा खेळ दाखवा, आवडेल.

बेळगुंदीकर
अभिमान! त्या वेळी गावात मिरवणूक बघितली होती काय कुणी?

लांगबहाद्दर
त्याच स्पर्धेत जिउ-जित्सूही पहिल्यांदा होतं. आपल्या चॅनेलवाल्यांनी ते कराटे म्हणून दाखवलं.

फौजी_अप्पा
जय महाराष्ट्र, जय कर्नाटक, जय हिंद. ज्याला जे आवडेल ते घ्या.

मी मराठा लाईट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्रात होतो. तिथं बॉईज स्पोर्ट्स कंपनीची पोरं मॅटवर कुस्ती करताना रोज बघितली आहेत. हात थोपटण्याबद्दल बोलतो. मार्कंडेयकाठ, तुमच्या वडिलांना विनम्रपणे विचारा, तालमीत जोर करताना जोडीदाराने मान पिळली आणि जास्त झालं तर तुम्ही काय करत होता? त्याच्या पाठीवर थाप मारत होता की नाही? "सोड रे" म्हणत होता की नाही? सगळे मारतात. वस्तादच शिकवतो. मैदानात नाही मारत, तालमीत मारतात. ह्या नव्या खेळाने तालमीतली गोष्ट मैदानात आणली, एवढाच फरक.

खासबागचा_कट्टा
एवढाच फरक नाही अप्पा. तालमीत थाप मारणं म्हणजे उद्या पुन्हा एकत्र मेहनत करायची आहे म्हणून. मैदानात हजार लोकांसमोर थाप मारणं म्हणजे मी माझ्या तोंडाने हरलो असं सांगणं. आपल्याकडे हरवतो तो दुसरा. पाठ टेकवतो तो दुसरा. मी स्वतः कबूल करत नाही. आजोबांचा मुद्दा तो आहे आणि मला तो पटतो.

खानापूर_ते_कोथरूड
पटला तरी त्याची किंमत बघा. १९५१, रिओचं माराकाना स्टेडियम. जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा विरुद्ध ब्राझीलचा हेलिओ ग्रेसी. किमुराने त्याचा हात पाठीमागे पिळायची पकड लावली. हेलिओने हात आपटला नाही. हात मोडला तरी नाही. शेवटी त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी कुस्ती सोडवली. त्या पकडीला आज जगभर किमुरा म्हणतात. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याचं नाव दिलं!

आणि दुसरं आपल्या जवळचं. १९७६ साली कराचीत अक्रम पैलवान विरुद्ध जपानचा अंतोनिओ इनोकी. अक्रम म्हणजे इमाम बख्शचा मुलगा, गामाचा पुतण्या. इनोकीने त्याला हीच पकड लावली. अक्रमने हार मानली नाही. हात निकामी झाला आणि कुस्ती थांबवावी लागली. घराण्याची शान राहिली म्हणा हवं तर.

किमुरा कशी लागते तेही सांगतो, राहिलं होतं. समोरच्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडाच्या वरून फिरवून आपलंच मनगट पकडायचं. त्याचा हात कोपरात वाकलेला, आपल्या दोन्ही हातांच्या चौकटीत. मग तो त्याच्या पाठीमागे फिरवायचा. पीळ खांद्यात बसते. तालमीतून आलेल्यांना ही फार लवकर जमते, कारण मनगट धरायची आणि हात बांधायची सवय असते. भाच्याने सगळ्यात आधी हीच शिकावी.

हलगी_घुमली
मी बराच वेळ वाचूलालो, खरं कुणी एकसंब्याचं नाव काढलं नाही म्हणून लिहूलोय. हिंदकेसरी पहिला कोण? श्रीपती खंचनाळे, १९५९. गाव एकसंबा, तालुका चिकोडी. म्हणजे आपला जिल्हा. देशातली पहिली हिंदकेसरीची गदा आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या खांद्यावर बसली आणि हितं कराची नि ब्राझील चाललंय.

खासबागचा_कट्टा
खंचनाळे अण्णा कोल्हापूरचे.

हलगी_घुमली
मेहनत कोल्हापुरात केली. जन्म एकसंब्याचा. दूध कुठल्या म्हशीचं होतं ते बोला.

चिकोडीवाला
म्हैस कानडी होती.

लांगबहाद्दर
सीमाप्रश्न म्हशीपर्यंत आला. मॉडरेटर, धागा बंद करू नका, मजा येतेय.

फौजी_अप्पा
मैदानात कधी भाषेवरून जोड तोडलेली बघितली आहे का कुणी? येळ्ळूरला कानडी पैलवान चांगला लढला की आमची म्हातारी माणसंच खिशातून नोटा काढून देतात. बस झालं, मुद्द्यावर या.

मार्कंडेयकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाच्याला धागा वाचायला दिला. त्याचा प्रश्न असा: पट सोडायचा नाही, कारण तेच त्याचं हत्यार. मग गिलोटिन कशी टाळायची?

खानापूर_ते_कोथरूड
पट अजिबात सोडू नकोस रे बाबा. तेच तर बाकीच्यांकडे नाही. तीन-चार गोष्टी बदल.

डोकं खाली घालून पट काढायचा नाही. नजर वर, मान ताठ, कपाळ किंवा कान समोरच्याच्या छातीला किंवा बरगडीला चिकटलेला. डोकं त्याच्या शरीराच्या बाहेर लोंबत राहिलं की काखेत गेलंच म्हणून समज. एकेरी पट काढताना डोकं आतल्या बाजूला. दुहेरी पट काढून पाडलंस की तिथेच त्याच्या दोन पायांमध्ये थांबू नकोस, त्याला पाडता पाडताच बाजूला उतर. आणि मान गेलीच, तर त्याच्या ज्या बाजूला डोकं अडकलंय त्याच्या विरुद्ध बाजूला अंग न्यायचं, आपला खांदा त्याच्या गळ्यावर रेटायचा. तो आवळतो तेवढाच तूही त्याला दाबतोस. मागे ओढून डोकं काढायला गेलास तर संपलास. पैलवान तेच करतो, मानेच्या जोरावर उपसायला बघतो. आणि मान जाडजूड असली तरी रक्तवाहिन्या आतच असतात.

कलाजंगसुद्धा (काखेखालून शिरून खांद्यावर उचलायचा डाव) वापर. तो तिथे चांगला चालतो, कारण डोकं काखेखाली जातं तेव्हा त्याचा तो हात तुझ्याच ताब्यात असतो. फास घालायला त्याच्याकडे हात उरत नाही.

ज्युदोवाली_निपाणी
धोबीपछाड मात्र जपून. फेक लागली तर उत्तम. अर्धवट राहिली तर तू त्याला पाठ देऊन उभा आहेस, तो लगेच पाठीवर चढतो. ज्युदोतही आम्हाला हाच धडा मिळाला. जॅकेट असेल तर कॉलर धरूनही फास लागतो, ते आणखी वेगळं.

हलगी_घुमली
ढाकेचंही तसंच. आत शिरताना गडी पाठ देतो. मातीत चालतं, कारण मागून धरलं तरी फार तर खाली आणेल. भावा, तू टांग जास्त लाव. आतली, बाहेरची. तोंड समोर राहतं.

खासबागचा_कट्टा
आणि पाडल्यावर? घिस्सा, एकचाक, झोळी, हे सगळं गेलं म्हणायचं?

खानापूर_ते_कोथरूड
नाही गेलं. घिस्सा जातो, कारण तिथे धरायला लांगच (लंगोटाची मागची पट्टी) नाही, पण पोकळ घिस्सा, ज्यात लांग न धरता उलटवतात, त्याची कल्पना राहते. झोळी बांधून (मान आणि पाय एकत्र कवळून) दाबून ठेवणं मस्त चालतं, समोरचा गुदमरतो आणि घाईत हात सरळ करतो. तिथे आर्मबार किंवा किमुरा. तुम्ही वर म्हणालात ना, वेदना हे दार उघडायचं साधन, तसंच इथे दाबून धरणं हे साधन. फरक एकच, पाठ टेकल्यावर पकड ढिली करायची नाही. कुस्तीगीर चितपट केल्यावर नकळत एक श्वास सोडतो. तेवढ्यात खालचा पाय मध्ये घालतो. भाच्याला व्हिडिओ काढायला सांगा, स्वतःलाच दिसेल.

खासबागचा_कट्टा
हे मात्र खरं असणार. तो श्वास मलाही माहीत आहे.

बेळगुंदीकर
थोडं विषयांतर. मॅटवर गेल्यापासून आमच्या पोरांना गजकर्ण फार होतंय. मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर पडायचं, त्याने होत नव्हतं काय?

हाडाचा_दवाखाना
हळदीमुळे नव्हे, उन्हामुळे आणि माती उलटीपालटी केल्यामुळे असेल तर असेल, पण मातीतही होतंच. मॅट रोज जंतुनाशकाने पुसायची, सरावानंतर लगेच अंघोळ, टॉवेल आपला आपला. चट्टा दिसला की आठवडाभर खेळ बंद आणि त्वचारोगतज्ज्ञ. मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका, बरं झाल्यासारखं वाटतं आणि पसरतं. आणि कान सुजला तर दोन दिवसांत या, रक्त काढून दाबपट्टी बांधता येते. नंतर आलात तर कान कायमचा फ्लॉवर.

लांगबहाद्दर
डॉक्टर, फुटका कान ही आमच्याकडे डिग्री आहे. लग्नाच्या बायोडेटात फोटो लावतात.

हाडाचा_दवाखाना
मुलीकडचे लोकही मग माझ्याकडेच येतात, "गुडघे बघून सांगा" म्हणून.

कंग्राळीचा_वस्ताद
मी पोरं शिकवतो, म्हणून एक गंभीर गोष्ट. मोबाईलवर बघून आमच्या तालमीत दोन लहान पोरं एकमेकांना मागून गळा आवळत होती. कुणी शिकवलं नव्हतं, थाप मारायची हेही माहीत नव्हतं. वेळेत दिसलं म्हणून बरं. ज्यांना हे करायचं त्यांनी जिथं शिकवणारा उभा आहे तिथंच करावं. तालमीत आणू नये. आंतरराष्ट्रीय नियमातसुद्धा लहान वयोगटांना दुहेरी नेल्सन, म्हणजे आपला दोन्ही बाजूंनी भरलेला हप्ता, बंद आहे. कारण मान कोवळी असते. मग गळ्याचं काय सांगायचं?

आता भाच्याबद्दल. त्याला दोन्ही करू दे. खरं एकाच आठवड्यात नको. मैदानाच्या आधी महिनाभर तिकडं जाणं बंद कर म्हणावं. नाहीतर तिकडची सवय लागून हितं पाठीवर पडेल आणि पाय वर करून बसेल, पंच शिट्टी वाजवून मोकळा होईल.

फौजी_अप्पा
😂😂 हे बघितलंय मी. गडी चितपट होऊन समोरच्याला पायात धरून बसला, लोकांना वाटलं भांडण लागलं.

ज्युदोवाली_निपाणी
वस्तादांच्या बोलण्यात अर्थ आहे. पण उलटंही होतं. जमिनीवर कधी श्वास सोडायचा नाही, कधी कोपर आत घ्यायचं हे कळलेली मुलं मातीत खाली आली तरी घाबरत नाहीत. कुस्तीत खाली आलेला निम्मा घाबरूनच हरतो.

कंग्राळीचा_वस्ताद
हे मान्य ताई.

मार्कंडेयकाठ
वडिलांना परवा धागा वाचून दाखवला, चष्मा सापडत नव्हता म्हणून. अक्रम पैलवानाचं ऐकून गप्प बसले. फौजी अप्पांचं थाप मारायचं वाचलं तर म्हणाले, "ते तालमीतलं, बाहेर कशाला सांगतो तो?" म्हणजे मारत होते!

भाच्याने जिममध्ये किमुरा शिकायला घेतली आहे. आजोबांनी ती खुर्चीत बसूनच बघितली, स्वतःचा हात पुढे करून लावून घेतली, आणि मनगट कुठं धरतोस ते चुकतंय म्हणाले. अंगठा वर नको, चारही बोटांबरोबर ठेव. दुसऱ्या दिवशी जिमच्या कोचनेही तेच सांगितलं म्हणे. हात आपटण्याबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही, आणि मी आता तो विषय काढणारही नाही.

वस्ताद, तुमचं ऐकून दसऱ्यानंतर जिम बंद आणि मेहनत चालू असं ठरलंय. डिसेंबरात ग्रॅपलिंगची स्पर्धा आहे, ती यंदा सोडून देतोय.

खानापूर_ते_कोथरूड
स्पर्धा सोडू नका हो. कुस्तीची मैदानं खरी रंगतात ती उन्हाळ्याच्या जत्रांत. डिसेंबरची करू दे, जानेवारीपासून माती.

कंग्राळीचा_वस्ताद
आमच्याकडं डिसेंबरातही मैदानं असतात साहेब, पुण्यात राहून विसरलात.

खानापूर_ते_कोथरूड
वस्ताद, कोणत्या वजनाच्या जोडी घेणार ते सांगा, मीच येतो.

कंग्राळीचा_वस्ताद
या. खरं पाठीवर पडायचं नाही.